कडीखालचं नाव

इतवारीत, सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत
नत्थूजी रोकडेंच्या पेढीवर मला अधूनमधून बोलावणं येतं.
अजबबंगल्यात एकतीस वर्षं नाण्यांची कपाटं पुसली,
तेवढ्यावर इथे मी 'साहेब'.
कूलरमधून वाळ्याचा वास, तराजूच्या काचेवर तुषार.

समोर भागरता नान्हे, वैनगंगेकाठची.
हमेल सोडून पुढ्यात ठेवते.
अकरा राणीछाप, आणि एक
ज्याला राणीछाप म्हणवत नाही.
'एवढंच सांगा जी, हे कोनाचं आहे.
दोघी पोरी आहेत. वाटनीआधी माहीत पायजे.'

मी आधी वजन घेतो. नाव नंतर.
तीन ग्रॅम नव्वद, कडी धरून.
कड धड गोल नाही, म्हणजे हातोड्याचं काम.
उजवीकडे तोंड केलेलं डोकं, पानांचा मुकुट,
त्याच्या गाठीची दोन टोकं मानेवर लोंबलेली.
किरणांचा मुकुट असता
तर दोनशे वर्षं पुढे सरकावं लागलं असतं,
आणि चांदी निम्मी झाली असती.
ही चांदी नेक आहे.

'यू'च्या जागी 'व्ही' कोरायचे ते लोक.
भिंगाखाली तेवढंच उरलंय: देवाचा पुत्र.
आपल्याकडे ज्यांची नाणी जास्त सापडतात
त्या दोघांनीही स्वतःला हेच म्हणवलं,
बापानं, आणि त्याच्यामागून मुलानं.
दोघेही दत्तक.
नाव जिथून सुरू होतं
नेमका तिथेच डाग देऊन कडी बसवली आहे.

मग मागची बाजू.
फांदी धरून बसलेली बाई असेल तर मुलगा.
ढाली घेऊन उभी दोन पोरं असतील तर बाप.
पाच सुनांच्या गळ्याखाली घासून
तिथे नुसता एक उंचवटा उरलेला,
साबणाच्या चिपेसारखा.

कडेला एक खाच सापडते, मी हरखतो:
'ही त्या काळच्या सावकाराची पारख.
आत तांबं तर नाही, म्हणून छिन्नी मारायचे.'
'नाही जी. उमरेडच्या सोनारानं मारली,
माह्या लग्नाच्या साली. मी तिथंच उभी होती.'
नत्थूजी खोकतात.

'कडी कापली तर नाव सांगता येईल.'
'कडी काहाले कापता?
कडीनंच तर राह्यलं इतके दिवस.
नाईतर कवाच आटवलं असतं.'

मग ती मागच्या बाजूवर अंगठा फिरवते,
नजर भलतीकडेच, कूलरच्या जाळीवर.
'बाई आहे. बसली आहे.
माह्या सासूनं दाखवली होती मले,
अंगठा धरून.'

माझ्या वहीत रकाने ठरलेले:
वजन, व्यास, धातू, पुढची बाजू, मागची.
'अस्पष्ट' लिहिलं.
पेन उचललं नाही मात्र बराच वेळ,
'ष्ट'वर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

तिनं हमेल पुन्हा बांधली.
राजाचं तोंड बाहेर,
बाई आत, अंगाला लागून.
मोठीला देणार की धाकटीला,
ते विचारायचं राहून गेलं.