अर्धी टाकी

पूर्ण भरली की ती निमूट बसते.
रिकामी असली तरी तिचं काही म्हणणं नसतं.
हिंदकळते ती अर्धी.
चॅप्टर हाउसच्या नळावरून एकवीस मैल,
मेंढ्यांच्या हौदात निम्मं उतरवून
उरलेलं आत्याकडे नेताना
वळणावर आधी पाणी जातं,
मग पिकअप, मग माझं पोट.

नोव्हेंबरात पिन्यनच्या उतारावर
डावी दोन्ही चाकं हलकी झालेली मला कळली.
आत्याला बोलले नाही.
ती पाणी मोजून प्यायला लागली असती.

फ्लॅगस्टाफहून दांडा आणला,
काळा, जाड, दोन्ही टोकांना वाकलेला.
कुत्र्याने हुंगून सोडून दिला.
एकटीने बसवता येत नाही तो;
एकाने अ‍ॅक्सलला टेकवून धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचे.
म्हणून डेल्विनला फोन.
चराऊ कुरणाच्या कागदांवर सही केल्यापासून
आम्ही भावंडं फक्त हवेबद्दल बोलायचो,
तेही वारा सुटला तरच.

तो आला. स्टेपनी उतरवली,
पाठीवर सरपटत आत शिरला.
मी दुसऱ्या बाजूने.
मध्ये डिफरन्शियलचा गोळा,
पलीकडे त्याची हनुवटी, तेवढीच.

“नक्की करतो काय हा?”
“एका चाकाचं दुसऱ्याला कळवतो.
दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर गप्प.
एकच बाजू कलली, की पिळतो.”
मग बराच वेळ नुसता पान्याचा आवाज.
“रबराला ग्रीस लाव. कुरकुरेल नाहीतर.”

जॅकवर असतानाच मी शेवटचा आवळा द्यायला निघाले.
“थांब. आधी खाली घे.
चाकांवर वजन येऊ दे, मग आवळ.
हवेत आवळलेलं जमिनीवर भांडतं.”
त्याला काही सुचवायचं नव्हतं.
नटांबद्दलच बोलत होता तो.

संध्याकाळी तेच वळण, अर्धी टाकी.
पाणी गेलं नेहमीसारखं, भिंतीवर आपटलं,
पिकअप मात्र गेली नाही त्याच्यामागे.
पुढे कच्च्या रस्त्यावर कंबरेला जरा जास्त हादरे बसतात,
हेही खरं.

“बरोबर कोण आहे?” आत्या म्हणाली.
“डेल्विन.”
तिने किटलीत तीन कपांचं पाणी घातलं.
तो बाहेरच होता,
विजेरी दातांत धरून
अजून खाली वाकून बघत.