पुठ्ठा धरणारा

गुदैबियाच्या मागच्या गल्लीत
पाडलेल्या इमारतीभोवती पत्रे ठोकले होते,
आणि कंपनीने परकारला सांगितलं,
इथे जे होतं ते पत्र्यावर काढ. फोटोसारखं.

परकार म्हणजे सित्राच्या गॅरेजात
गाड्यांचे पोचे मिटवणारा माणूस.
अपघात झालाच नव्हता असं पटवण्यात
त्याची अठरा वर्षं गेलेली.
मी त्याचा पुठ्ठा धरायचो.

स्प्रेला कड नसते, हे तुम्हाला माहीत नसेल.
डबा दाबला की निघतं ते धुकं.
खिडकी हवी तर कुणीतरी
पुठ्ठा पत्र्याला घट्ट लावून धरायचा
आणि श्वास रोखायचा.
त्या गल्लीतल्या प्रत्येक सरळ रेषेपलीकडे
माझी बोटं होती.

ऑगस्टातले रात्रीचे अकरा.
पत्रा अजून चटका देतोय,
डबे गार पाण्याच्या बादलीत.
तापलेला डबा थुंकतो, परकार म्हणे,
मग त्याच्याशी बोलू नये.

आधी लांबचं काढायचं.
लांबचं म्हणजे जवळजवळ काहीच नाही:
हात मागे घेऊन, पांढऱ्यात जरासं मातकट,
एक फुसकारा.
धूळ उभी राहते, धुळीत मिनार.
मग एकेक पाऊल अलीकडे
टाक्या, डिश, एसीचे खोके,
एसीखाली थेंब झेलणारे तेलाचे रिकामे डबे,
मोइदूच्या कॅफेटेरियाची पाटी.
आपल्या कडकचं इथे करक झालंय.
परकारने भाव जुना लिहिला, पन्नास फिल्स,
आणि पुढच्या गल्लीतून मोइदू धावत आला:
अरे, लोक त्याच भावाने मागतील!

रफिकुल म्हणाला, या खांबाला माझी सायकल असायची.
कुठला रंग?
हिरवी. मागचं मडगार्ड नाही.
काढली.
कुलूपही काढा, म्हणाला,
मागल्या वेळी तेच राहिलं होतं.

समोरच्या घरातली उम्म जासिम
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघायची.
सावली चुकली, म्हणाली.
चार वाजता ती माझ्या पायरीपर्यंत यायची,
तिथे मी मांजराची ताटली ठेवायचे.
परकार दुसऱ्या दिवशी चार वाजता हजर.
इमारतच नाही, सावली कुठून बघणार?
तो रणरणत्या उन्हात उभा,
आणि म्हातारी काठीने
रिकाम्या फरशीवर दाखवत चाललेली
इहनी, म्हणजे इथवर. इहनी.
त्याने खडूने खूण केली.

इंजिनिअर आला, खूश झाला.
फक्त ते वाळत घातलेले कपडे नकोत, म्हणाला,
ब्रोशरमध्ये येणार आहे.
परकारने काही विचारलं नाही.
एका रात्रीत मिटवले.
अपघात झालाच नव्हता.

शेवटच्या पहाटे, आम्ही टोपणं गोळा करताना,
रात्रपाळीचा कुणी माणूस
डोळे अर्धे मिटून आला
आणि चहाला म्हणून सरळ
मोइदूच्या दारात शिरायला गेला.
पत्रा केवढ्याने वाजला.
आमच्याकडे वळून तो सॉरी म्हणाला,
का ते त्यालाही कळलं नसावं.
दारावर कपाळाचा तेलकट ठसा.
मी फडकं घेतलं.
राहू दे, परकार म्हणाला, सही झाली.

फेब्रुवारीत पत्रे निघाले.
हिद्दच्या कुठल्याशा साइटवर पुन्हा लागलेत,
उलटसुलट: मिनाराखाली सायकलचं चाक,
पायरी आभाळात.
परकार दापोलीला गेला, फोन लागत नाही.

पुठ्ठे माझ्या खाटेखाली आहेत.
खोलीतले म्हणतात, टाक, ढेकूण होतील.
बासष्ट. प्रत्येकाची एकच बाजू सरळ,
पत्र्यावर जे गेलं नाही ते सगळं
यांच्यावर सांडलेलं.
एकाला लुंगीची लाल किनार आहे,
त्या दोरीवरच्या,
आणि लालात
माझ्या अंगठ्याएवढी कोरी जागा.