बावीस फेऱ्या

रिओ ग्रांदेला टीव्ही भरले की ब्वेनोस आयरेसपर्यंत
दोन हजार आठशे किलोमीटर.
त्यातलं चालतोस किती, नेलीदानं विचारलं.
मी म्हणालो, सगळंच.
ती म्हणाली, चालवतोस तू. चालतो ट्रक.

ही नेलीदा अंतिलेओ, सान हुलियानच्या पंपामागे
जुन्या कंटेनरात दवाखाना मांडून बसलेली.
तिनं दंडाला पट्टा आवळला, हवा भरली.
मी सवयीनं विचारलं, किती पौंड?
हसली नाही.
कागदावर आकडा लिहून
त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सोळा वर्षं दर काट्यावर
माझ्यासकट वजन झालं गाडीचं.
मी त्यात कुठेतरी होतोच,
टनाच्या पुढच्या दशांशात.

तर आता रोज गाडी लावली
की गाडीभोवतीच चालायचं.
दुसरं काही नाहीच इथं भोवती चालण्यासारखं:
झुडपं, तार, तारेपलीकडे ग्वानाकोंचा कळप,
आणि मग थेट समुद्र, तोही दिसत नाही.
अठरा मीटर लांब, अडीच रुंद, कोपरे जरा सैल घेतले
तर एक फेरी पंचेचाळीस.
बावीस फेऱ्यांचा किलोमीटर.
दहा मीटर कमी पडतात,
ते वाऱ्याच्या खात्यात.

वारा पश्चिमेचा. तो इथं येतजात नाही, राहतो.
त्याच्याकडे तोंड करून लावावी लागते गाडी,
नाहीतर रात्री कलते.
म्हणून जाताना छातीवर हात ठेवून कुणी मागे रेटतं,
वळलं की तोच हात पाठीवर.
अकरा वेळा म्हातारा होतो मी, अकरा वेळा पोरगा,
असं वाटलं होतं पहिल्या दिवशी.
दुसऱ्या दिवशी फक्त गुडघे दुखले.

बासुआल्दो खिडकीतून ओरडला,
एवारिस्तो, काय हरवलंय रे?
म्हटलं, अजून काही नाही. बारा किलो हरवायचेत.
त्याच्या हातात मिलानेसाचं सँडविच होतं.
वास माझ्याबरोबर तीन फेऱ्या चालला.

एक गोष्ट मात्र नेलीदाला सांगितली नाही.
रस्त्याकडेला त्या बाईची देवळी आहे,
वाळवंटात तहानेनं गेली म्हणतात, ती.
आम्ही सगळे तिथं पाणी ठेवतो,
शेकडो बाटल्या, उन्हानं पिवळ्या पडलेल्या.
मी एकही खेप चुकवली नाही.
आणि स्वतः?
सकाळी मातेचे चार घोट, मग संध्याकाळपर्यंत कोरडा.
पाणी प्यायलं की थांबावं लागतं,
थांबलं की उशीर, उशीर झाला की फोन.
लघवीचा रंग इंजिन ऑइलसारखा झाला
तेव्हाही मी आधी ऑइलच बदललं.

परवा तिथं थांबलो. तिची बाटली ठेवली.
दुसरी उघडली, तिच्यासमोरच उभ्यानं संपवली,
जरा ओशाळून,
उपाशी माणसासमोर जेवल्यासारखं.

त्यानंतर अमुक मैलांवर एकदा, तमुक मैलांवर एकदा
उतरत गेलो झुडपांमागे.
उशीर झाला. फोन आला. घेतला नाही.

आता एकोणिसावी चालू आहे.
की अठरावी.
मघाशी एक ग्वानाको तारेपाशी आला,
मान लांबवून बघत राहिला,
तेवढ्यात मोजणी सुटली.
असू दे.
परत एक.