बर्लिन, खोली क्रमांक सात

मांडवीच्या पेंटरकडून चौदा पाट्या.
मी बेल्जियम; काँगो मला मिळणार, ठरलेलंच.
दाणी मॅडम म्हणाल्या, हसू नका,
त्यांनीही असंच हसतहसत वाटून घेतलं होतं.

वाकेशो मोंबासाची.
तिच्यासाठी पाटी नव्हती. तेव्हाही नव्हती.
"पोर्तुगाल होतेस?"
झाली. खुर्ची ओढून बसली,
माझी फूटपट्टी मागून घेतली
आणि नकाशावर नाही,
बाकावर ठेवली, आकडे खाली करून.

संध्याकाळी फतेगंजात
तिनं गुजरातीत घासाघीस करून पेन्सिली घेतल्या.
म्हणाली, आमच्याकडे दुकानाला ‘दुका’ म्हणतात,
शेवटचा न तेवढा बोटीतच राहिला.

मला आठवले रेसिडेंटसाहेबांचे खलिते,
पणजोबांनी मोडीत उतरवलेले.
एकाही कागदावर
त्यांचं मत नाही.
अक्षर मात्र सुंदर.