तोंडाकडून

फेस्टी क्लॉहर्टी टोपली उलटी विणायचा.
आधी तोंड, मग पोट,
बूड सगळ्यात शेवटी.
अंगणातल्या ओल्या मातीत
वाळुंजाच्या काठ्या गोल रोवून
गुडघे टेकून बसायचा,
तोंडात विझलेला पाइप.

माप त्याच्या वितीचं.
करंगळीचं टोक कोयत्यानं गेलेलं,
म्हणून त्याची प्रत्येक टोपली
नखभर आखूड.
क्लिफ्डनच्या बाजारात लोक
त्यावरूनच ओळखायचे.

गाढवाच्या दोन्ही अंगांना दोन टोपल्या:
दलदलीतून कापून वाळवलेल्या
जळणाच्या काळ्या विटा,
नाहीतर बटाट्याच्या वाफ्यांसाठी
समुद्राचं शेवाळ, ठिबकत.
एकदा एकीत मी होतो, चार वर्षांचा,
आणि तोलाला दुसरीत धोंडा.
धोंडा भरला जड,
तेव्हा डीलियानं माझ्या मांडीवर
एक कोंबडी आणून ठेवली.

मध्यावर चार बोटं जागा
तो न विणता सोडायचा.
तिला म्हणायचा खिडकी.
कोणासाठी? मी विचारलं.
दोरीसाठी, म्हणाला.
आणि वाऱ्यासाठी.
त्याला वाट दिली नाही
तर गाढवासकट नेतो.

बूड घातलं की उपटायची,
पण झटकायची नाही.
जन्मतःच तोंडात माती,
पहिल्या खेपेत आपोआप गळते,
तू कशाला घाई करतोस?

तो नोव्हेंबरात गेला.
एक टोपली अंगणात उभी होती,
खिडकीपर्यंत आलेली.
खांदेकरी तिला वळसा घालून गेले,
त्यातल्या एकाचा बूट अडकला,
तो तिचीच माफी मागून पुढे झाला.

कोणी उपटली नाही.
बूड घालणं कोणालाच येत नव्हतं.
मलाही नाही. शिकायच्या वयात
मला धक्क्यावर
माशांचे निळे प्लास्टिकचे क्रेट
फुकट मिळत होते.

मार्चमध्ये डीलियानं हाक मारली.
काठ्यांनी मुळं धरली होती.
बोटबोट हिरवे कोंब,
विणीच्या आतूनही, बाहेरूनही,
आणि खिडकीतून एक
आडवाच निघालेला.

मी काहीतरी बोलणार होतो, मोठं.
ती म्हणाली, बिनबुडाचं बोलू नकोस,
ते तो बोलायचा.
मग आजारी कोंबडी तिनं आत सोडली,
वरून त्याचा कोट टाकला
आणि आत जाता जाता म्हणाली,
फाटक लाव.
वारा येतोय.