जमिनीवरील व्यक्ती : दोन

अहवालात आम्ही एका ओळीत मावलो.
जमिनीवरील व्यक्ती : दोन. इजा : नाही.
त्यात हे नाही की दोघींतली एक
ब्याण्णव वर्षांची होती, चाकांच्या खुर्चीत,
आणि खुर्चीचं उजवं चाक
सटन-ऑन-सीच्या वाळूत
कणकेत बोट रुतावं तसं रुतलेलं.

सप्टेंबरातला बुधवार. ओहोटी.
मिसेस ऑडलिंगना समुद्र जवळून बघायचा होता.
लांबून नको, म्हणाल्या,
लांबून तो माझ्या खोलीतल्या कॅलेंडरवरही आहे.
केअर होमच्या नियमाकडे पाठ करून
मी त्यांना फळ्यांच्या वाटेवरून खाली आणलं.
पिवळा रेनकोट त्यांचा, थर्मास माझा.
आणि आता मी गुडघ्यांवर बसून
दोन्ही हातांनी चाकाखालची वाळू उकरत होते.

पडणारं विमान आवाज करतं असं मला वाटायचं.
नाही करत.
शीळ न जमणाऱ्या पोराच्या ओठांतून
नुसती हवा यावी, तेवढंच.

"तो फारच खाली आलाय गं,"
शेजारच्या मांजराबद्दल बोलावं
तशा सुरात मिसेस ऑडलिंग म्हणाल्या.
वर पाहिलं तर पांढरं पोट, तीन चाकं,
थांबलेला पंखा, त्याची पाती मोजता येतील असा,
आणि काचेआड टोपी घातलेला एक माणूस
आमच्याकडे बघणारा.

पळ, असं मी पायांना सांगितलं.
पाय हातांवर थांबले.
हात खुर्चीच्या मुठींवर होते, सुटेनात.
हे शौर्य नव्हतं. कोणी विचारलं तर मी तसंच सांगते.
सुटेनात, एवढंच.

मग एक पंख कलला.
सावली आमच्यावरून गेली, गार, पेट्रोलच्या वासाची,
आणि समुद्रानं
दार आपटल्यासारखा आवाज केला.

आई फोनवर म्हणाली,
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.
म्हटलं, आई, काळही नाही, वेळही नाही.
एका माणसानं दांडा चार बोटं डावीकडे केला.

बॉस्टनच्या हॉस्पिटलात, म्हणजे इकडच्या, जुन्या बॉस्टनच्या,
क्लाइव्ह मॉल्टबींना भेटले.
निवृत्त. बियाण्याच्या बटाट्यांचा व्यापार होता.
गळपट्टीचं हाड, खांदा, तीन बरगड्या.
विमान भंगारात.
मागे कारव्हॅनचा तळ, म्हणाले, तिथे मुलं खेळत होती,
म्हणून वरूनच वाळू ठरवली. कडक, सरळ, मोकळी.
मग पिवळं काहीतरी दिसलं.
आधी वाटलं, कोणी विसरलेली घडीची खुर्ची असेल.
घडीच्या खुर्चीवर विमान घालता येतं.
"मग खुर्चीनं मला हात केला."

हे मला माहीत नव्हतं.
मी मुठी धरून उभी होते,
आणि पुढे बसलेल्या बाई
वरच्या माणसाला नमस्कार-चमत्कार करत होत्या.

विचारलं, किती वेळ मिळाला ठरवायला?
ठरवायचं काय त्यात, म्हणाले.
समुद्रात कोणी नव्हतं.
आणि जेलीचा डबा
उघडून द्यायला माझ्याकडे सरकवला.

जानेवारीच्या शेवटी मिसेस ऑडलिंग गेल्या.
आपल्या पलंगावर, झोपेत, कॅलेंडरखाली.
मी हिशेब करते, सवयच आहे.
चार महिने, अकरा दिवस.
रोज दोन कप चहा, बिस्किट बुडवून.
तीच गोष्ट प्रत्येक नव्या नर्सला,
दर वेळी विमान थोडं मोठं,
नाताळापर्यंत त्याला चार इंजिनं झाली होती.
आणि पुतण्याशी एक भांडण, तेवीस वर्षांचं,
ते मिटवलं एका मंगळवारी, फोनवर, स्पीकर लावून.

याच्या बदल्यात एक विमान, एक खांदा.
महाग की स्वस्त, मला सांगता येत नाही.

अंत्यविधीला मॉल्टबी मागच्या बाकावर होते.
गाडी चर्चच्या फाटकातून वळली
तेव्हा त्यांनी हात केला.
उजवा अजून वर जात नाही.
डावा केला.