इतिवृत्त, डिसेंबर पंचेचाळीस

काचांवरचा काळा कागद अजून पुरता निघालेला नाही.
कोंडाजी ब्लेडने खरवडतो आहे,
आणि जिथे काच मोकळी होते
तिथून गंगापूर रस्त्याचं ऊन
पैशाएवढं टेबलावर पडतं.

समिती बसली आहे. सात पुरुष, नऊ खुर्च्या,
त्यांतल्या चार लष्कराच्या, पाठीवर नंबर रंगवलेल्या.
माझा टाइपरायटर दारापाशी, वाऱ्यात.
शरणपूरहून सायकलवर येते मी;
बोटं गारठलेली, पहिल्याच ओळीत तीन चुका.

प्राचार्य होल्डन म्हणतात, युद्धोत्तर योजना.
रावबहादूर गायधनी म्हणतात, दहा वर्षांची.
प्रोफेसर खासगीवाले चष्मा पुसत म्हणतात,
आधी उरलंय काय ते तरी मोजू या.

उरलंय ते असं:
रसायनाच्या खोलीत अडतीस खाटांच्या पायांचे ठसे.
फरशीवर आयोडीन, सोड्याने न जाणारं.
बाकं अकरा; बाकीची थंडीत जाळली.
एक दुर्बीण, भिंग नसलेली.
पुस्तकं दोनेक हजार, आणि भूमितीच्या एका पुस्तकात
खूण म्हणून घातलेलं कुणा जखमी शिपायाचं पत्र,
घरी न गेलेलं, गुरुमुखीत,
जे इथे कुणालाच वाचता येत नाही.
हे कुठल्या रकान्यात टाकू, मी विचारलं.
"किरकोळ," रावबहादूर म्हणाले.

मग ठराव. वेधशाळा. शेतकी शाखा.
दोनशे मुलांचं वसतिगृह, पण सिमेंटचं परमिट कुठून?
मुंबईची मान्यता, दिल्लीचा पैसा,
जमल्यास लंडनचा एखादा प्राध्यापक.
"आणि मुली?" खासगीवाले विचारतात.
एक खोली, पडदा लावून.
सगळे माझ्याकडे बघतात,
जणू ती खोली मीच आहे.

शेवटच्या पानावर प्रश्न होता,
सन पन्नास साली कॉलेज कुणाच्या अखत्यारीत असेल?
होल्डनसाहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले.
बाहेर टांगेवाला घोड्याला शिव्या देत होता,
अस्सल नाशिकच्या, पल्लेदार.
"मोकळं सोडा," साहेब म्हणाले.
मी दोन इंच मोकळे सोडले.
कागद रेशनवर असताना
इतकी जागा कुणी कुणाला सोडली नव्हती.

संध्याकाळी एकटीच होते, कार्बन बदलत.
कोंडाजी वर आला, हातात शाळेत असते तशी पितळी घंटा.
लष्कर आलं त्या रात्री त्याने ती विहिरीत सोडली होती.
चार वर्षं बायकोलाही बोलला नव्हता.
टिचकी मारून त्याने ती कानाशी धरली.
"बाई, आमचा पोरगा औंदा मॅट्रिकला बसतोय," म्हणाला,
आणि पुढचं काही म्हणाला नाही.

सोळा ठराव झाले होते.
मी सतरावा टाइप केला:
सेवकांच्या मुलांना फी माफ, सर्वानुमते.

सकाळी साहेबांनी प्रत वाचली, ओळीओळीवर बोट ठेवून.
सतराव्यापाशी बोट थांबलं.
टाक बुडवला. एक स्वल्पविराम दुरुस्त केला.
सही केली.

वेधशाळा काही झाली नाही.
भिंग मात्र सापडलं, पुढच्या उन्हाळ्यात,
त्या टांगेवाल्याच्या पोराकडे.
मुंग्या जाळून जाळून
त्याला ते उन्हात कसं धरायचं, नेमकं कळलं होतं.